पोअर-ओव्हर कॉफी: एकाच कपात आंबटही आणि कडूही का लागते?

निळीशाई:
घरी पोअर-ओव्हर पद्धतीने, म्हणजे कागदी गाळणीतल्या पुडीवर हाताने गरम पाणी ओतून, कॉफी करायला अलीकडेच सुरुवात केली आहे. माझ्याकडे शंकूच्या आकाराचा प्लॅस्टिकचा ड्रिपर, त्याला बसणारे फिल्टर पेपर, ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि स्वयंपाकघरातली नेहमीची किटली एवढे साहित्य आहे. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी असे प्रमाण ठेवते, आणि पाणी उकळले की लगेच ओतते. बिया मध्यम भाजलेल्या असून त्या आयत्या वेळी पात्याच्या ग्राइंडरमध्ये दळते.

अडचण चवीची आहे. कॉफी आंबट लागली तर बारीक दळा आणि कडू लागली तर जाड दळा, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. माझ्या कपात पहिला घोट आंबट लागतो आणि गिळल्यावर जिभेवर कडवट, कोरडी चव रेंगाळत राहते. दोन्ही दोष एकत्र असतील तर कोणत्या दिशेने जायचे? दुसरा प्रश्न खर्चाचा आहे. बारीक चोचीची किटली, चांगला ग्राइंडर आणि तापमापक यांपैकी आधी एकच वस्तू घ्यायची झाल्यास ती कोणती असावी?

चिकित्सक:
उत्तर देण्यापूर्वी दोन गोष्टी कळल्या तर बरे होईल. पहिले पाणी ओतल्यापासून ड्रिपर पूर्ण निथळेपर्यंत किती वेळ लागतो, आणि तो रोज साधारण सारखाच असतो का? शिवाय पाणी निथळल्यावर चोथा कसा दिसतो: सपाट, मध्ये खड्डा पडलेला की एका बाजूला कललेला?

आळशीकासव:
पंधरा ग्रॅम, दोनशे चाळीस ग्रॅम, आणि आता चोथ्याचेही निरीक्षण. आम्ही बापडे चमच्याने अंदाजे घालून पिणारे लोक या धाग्यावर केवळ प्रेक्षक म्हणून बसतो.

निळीशाई:
@चिकित्सक, वेळ अजिबात सारखी नसते. कधी दोन मिनिटांत सगळे पाणी खाली उतरते, तर कधी शेवटचे पाणी तुंबून राहते आणि पाच मिनिटे होत येतात. चोथ्याच्या मध्यभागी खड्डा असतो आणि कडेच्या कागदावर बारीक चिखलासारखा थर चिकटलेला असतो.
@आळशीकासव, प्रेक्षकांनाही प्रवेश आहे, फक्त कप आपापला आणावा.

रसायनी:
मग निदान बरेचसे झालेच आहे. दोष दळण्यात आहे, आणि तो बारीक की जाड एवढ्यापुरता नसून दळण असमान असण्याचा आहे.

भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण ३० टक्के भागच पाण्यात विरघळू शकतो, आणि तो सगळाच आपल्याला कपात नको असतो. पाणी लागताच सर्वांत आधी आम्ले आणि क्षार उतरतात, मग गोडव्याकडे झुकणारे घटक येतात आणि कडू व तुरट संयुगे हळूहळू, शेवटी जास्त प्रमाणात येऊ लागतात. अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या कामातून जो आलेख पुढे आला, त्यात कॉफीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के अर्क उतरणे आणि तयार पेयात १.१५ ते १.३५ टक्के विरघळलेले घटक असणे हा पट्टा उत्तम मानला गेला. तो दगडावरची रेघ समजू नये, पण विचार करायला आधार म्हणून अजूनही उपयोगी आहे.

आता पात्याच्या ग्राइंडरकडे पाहा. त्यात बिया दळल्या जात नाहीत, फुटेल तशा फुटतात. त्यामुळे एकाच खेपेत पिठासारखी धूळ आणि अर्धवट फुटलेले मोठे तुकडे दोन्ही तयार होतात. मोठ्या तुकड्यांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचेपर्यंत ओतणे संपते, म्हणून त्यांच्यातून फक्त सुरुवातीचा आंबट भाग मिळतो. धुळीचा सगळा अर्क काही सेकंदांत निघतो आणि मग तिच्यातून कडवट, तुरट भाग येत राहतो. तुम्ही पीत आहात ते या दोन वेगवेगळ्या कॉफींचे मिश्रण आहे. ‘आंबट तर बारीक, कडू तर जाड’ हा नियम दळण एकसारखे असले तरच लागू पडतो. वेळ रोज बदलते तीही धुळीमुळेच, कारण ती तळाशी आणि कागदाच्या छिद्रांत जाऊन बसते आणि पाणी अडवते.

गाळणीवाला:
निदान मान्य आहे, पण त्यावरून लगेच नवा ग्राइंडर घेण्याचा सल्ला येईल म्हणून आधीच लिहितो. खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी फुकट करून पाहता येतात. पात्याचा ग्राइंडर सलग चालवू नये. एक-दोन सेकंद चालवावा, थांबून भांडे हलवावे आणि पुन्हा चालवावा, म्हणजे मोठे तुकडे पात्याखाली येतात. त्यानंतर दळलेली कॉफी अगदी बारीक जाळीच्या गाळणीतून चाळावी. खाली पडलेली धूळ बाजूला ठेवावी आणि वर उरलेली वापरावी. १५ ग्रॅम मोजायचे ते चाळल्यानंतर.

चिकित्सक:
चाळण्याने धूळ जाईल, मोठे तुकडे मात्र तसेच राहतील. शिवाय धूळ पूर्ण काढली तर कप स्वच्छ पण पोकळ लागतो, असा माझा अनुभव आहे. तरीही निदान पडताळून पाहण्यासाठी ही युक्ती चांगली आहे. चाळल्यावर कडवटपणा कमी झाला तर रसायनी यांचे म्हणणे खरे ठरेल.

पाणकळा:
सगळे दळण्यावरच बोलत आहेत, पण कपात ९८ टक्क्यांहून अधिक पाणीच असते याचा विसर पडू नये.

पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम कॉफीतले चवीचे घटक ओढून घ्यायला मदत करतात, तर बायकार्बोनेट आम्लता शमवते. म्हणून पूर्ण शुद्ध केलेल्या, जवळजवळ क्षारहीन पाण्यात केलेली कॉफी टोकदार आंबट आणि पातळ लागते, आणि फार जड पाण्यात तीच कॉफी सपाट व खडूसारखी लागते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या मानकात पाण्यातील एकूण विद्राव्य घटक लिटरला सुमारे १५० मिलिग्रॅम आणि क्षारता सुमारे ४० मिलिग्रॅम अशी लक्ष्ये दिलेली आहेत. घरी एवढे मोजण्याची गरज नाही. नळाचे पाणी, शुद्धीकरण यंत्राचे पाणी आणि दोन्हींचे निम्मे-निम्मे मिश्रण असे तीन कप एकाच दळणातून करून शेजारी शेजारी ठेवा. फरक कोणालाही ओळखता येईल इतका स्पष्ट असतो.

आळशीकासव:
पाणी कोणते ते ठरले, पण ते किती तापवायचे? ९० अंशांच्या वर गेले की कॉफी ‘जळते’ असे मी ऐकले आहे. चमच्याने घालणाऱ्या माणसालाही एवढी माहिती असते.

रसायनी:
ऐकलेले सोडून द्यावे. कॉफीच्या बिया भाजताना २०० अंशांच्या वर तापलेल्या असतात, तेव्हा १०० अंशांच्या पाण्याने त्या जळण्याचा प्रश्नच येत नाही. अति गरम पाण्याने अर्क लवकर आणि जास्त उतरतो, एवढेच. काळपट भाजलेल्या बिया ठिसूळ आणि सच्छिद्र असतात, त्यांच्यातून कडू भाग सहज सुटतो, म्हणून त्यांना ८५ ते ९० अंश पुरे. हलक्या भाजलेल्या बिया घट्ट असतात, त्यांना उकळी ओसरताच ओतलेले पाणी चालते. मध्यम भाजणीसाठी ९२ ते ९५ ही सुरक्षित जागा आहे.

आणि इथेही तापमानाचे फार स्तोम माजवू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०२० मध्ये ८७, ९० आणि ९३ अंशांवर केलेल्या कॉफींची तुलना केली होती. कपाची तीव्रता (पेयातले विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) आणि पुडीतून उतरलेला अर्क सारखा ठेवला, तेव्हा तापमानामुळे चवीत फारच थोडा फरक आढळला. म्हणजे तापमान हे अर्क उतरवण्याचे एक साधन आहे आणि तेच काम दळण्यातूनही साधता येते. म्हणून तापमापक निळीशाई यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर ठेवावा.

पाणकळा:
एक पुरवणी. उंचावर राहणाऱ्यांसाठी हा वाद आपोआप मिटतो. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो, तेव्हा १५०० मीटरवर पाणी ९५ अंशांलाच उकळते. त्यांनी खुशाल उकळते पाणी ओतावे.

जुनीवही:
थोडे विषयांतर, पण अगदी बाहेरचे नाही. या कागदी गाळणीचे श्रेय जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ यांना जाते. कॉफीतला गाळ आणि कडवटपणा टाळण्यासाठी त्यांनी पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोके पाडली आणि त्यात मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद ठेवला. १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेऊन त्यांनी घरातूनच व्यवसाय उभा केला. आपण इथे ज्या तक्रारीवर एवढे लिहितो आहोत, तीच तक्रार या साधनाच्या मुळाशी होती, हे मला फार आवडते. पुढे १९४१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पीटर श्लुमबोम यांनी केमेक्स हा काचेचा ड्रिपर आणला. प्रयोगशाळेतला चंबू आणि नरसाळे एकत्र करावे तसा त्याचा घाट आहे, आणि त्याचा कागद इतरांपेक्षा जाड असतो. त्यामुळे त्यातली कॉफी जास्त स्वच्छ लागते आणि निथळायलाही जास्त वेळ घेते.

ड्रिपरच्या आकाराचाही या धाग्यातल्या प्रश्नाशी संबंध आहे. हारिओ कंपनीच्या व्ही-६० या ड्रिपरमध्ये ६० अंशांचा शंकू, भिंतीवर वळणदार कंगोरे आणि तळाला एकच मोठे भोक असते. ते भोक पाणी अडवत नाही, म्हणून सगळा वेग दळण आणि ओतणे यांवर ठरतो. कालिता वेव्ह या ड्रिपरचा तळ सपाट असून त्याला तीन लहान भोके असतात आणि त्यात कॉफीचा थर सारख्या जाडीचा राहतो. हात बसेपर्यंत सपाट तळाचा ड्रिपर अधिक क्षमाशील असतो, असे माझे मत आहे.

गाळणीवाला:
जुनीवही यांच्याशी इथे असहमत. शंकू ‘अवघड’ असल्याची कीर्ती उगाच पसरली आहे. त्यात दोष लवकर दिसतो, आणि शिकणाऱ्याला तेच हवे असते. निळीशाई यांचा ड्रिपर बदलण्याची काहीही गरज नाही. तो प्लॅस्टिकचा आहे हेही उत्तमच, कारण चिनी मातीचा ड्रिपर नीट तापवला नाही तर तो पाण्यातली उष्णता स्वतःच शोषून घेतो. प्लॅस्टिक तेवढी घेत नाही. दिसायला साधे असले तरी कामाला चोख आहे.

जुनीवही:
असहमती नोंदवून घेतली. माझा चिनी मातीचा ड्रिपर मात्र शोभेसाठी फळीवर राहील.

सायंतारा:
मला प्रश्न ओतण्याविषयी विचारायचा आहे. चोथ्यात खड्डा पडतो असे निळीशाई यांनी लिहिले आहे, तो नेहमीच्या किटलीच्या जाड धारेमुळे पडत असेल का? आणि सुरुवातीला थोडे पाणी ओतून थांबतात, त्याला खरोखर काही अर्थ आहे की तो केवळ विधी आहे?

चिकित्सक:
विधी नाही. भाजताना बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड साठतो. दळलेल्या कॉफीवर गरम पाणी पडताच तो वेगाने बाहेर पडतो आणि पाण्याला आत शिरू देत नाही. म्हणून कॉफीच्या दुप्पट ते तिप्पट पाणी, म्हणजे १५ ग्रॅमला ३० ते ४५ ग्रॅम, ओतून ३० ते ४५ सेकंद थांबायचे. याला ब्लूम म्हणतात. हा थर किती फुगतो यावरून बिया किती ताज्या आहेत तेही कळते. अजिबात बुडबुडे आले नाहीत तर त्या जुन्या झाल्या असे समजावे. उलट कालच भाजलेल्या बियांत वायू इतका असतो की कॉफी नीट उतरत नाही, म्हणून त्यांना आठवडाभर विश्रांती द्यावी. हलक्या भाजणीला त्याहून जास्त दिली तरी चालते.

ब्लूमच्या वेळी सगळी पूड भिजली आहे ना, ते पाहणे महत्त्वाचे. कोरडे गोळे राहिले तर तेवढी कॉफी वाया जाते आणि पाणी सोपी वाट शोधून तिथूनच वाहते. ड्रिपर अलगद गोल फिरवला की बहुतेक गोळे फुटतात. शेवटचे पाणी ओतल्यावरही एकदा तसेच फिरवावे, म्हणजे थर सपाट बसतो आणि तो खड्डा राहत नाही.

रसायनी:
धारेविषयी एक रंजक काम झाले आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये पारदर्शक शंकूत धार कशी वागते ते पाहिले. धार उंचावरून पडूनही अखंड राहिली तर ती थराच्या आत शिरून पूड ढवळते, आणि कमी कॉफीतही अर्क चांगला उतरतो. धार तुटून थेंब पडू लागले की हा फायदा जातो. म्हणजे कळीची गोष्ट चोच किती बारीक आहे ही नसून धार न तुटता, सारख्या वेगाने पडते का ही आहे. नेहमीच्या किटलीने हे साधते, फक्त ती अर्ध्याहून कमी भरून वापरावी आणि मनगट स्थिर ठेवावे.

आळशीकासव:
आता मनगटाचाही व्यायाम आला. पुढच्या प्रतिसादात श्वास केव्हा घ्यायचा तेही लिहावे.

सायंतारा:
मी तेत्सु कासुया यांची ४:६ पद्धत वापरते. २०१६ च्या जागतिक ब्रूअर्स कप या कॉफी बनवण्याच्या स्पर्धेत ते याच पद्धतीने जिंकले होते. २० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी आणि ३०० ग्रॅम पाणी घ्यायचे, आणि ६० ग्रॅमच्या पाच हप्त्यांत साधारण ४५ सेकंदांच्या अंतराने ओतायचे. पहिल्या ४० टक्के पाण्यात आंबट-गोड तोल ठरतो: पहिला हप्ता लहान आणि दुसरा मोठा केला तर गोडवा वाढतो, उलट केले तर आम्लता उठून दिसते. उरलेले ६० टक्के पाणी किती हप्त्यांत विभागले त्यावर तीव्रता ठरते. शिकणाऱ्याला काय बदलले तर काय होते, हे यातून फार लवकर उमगते.

गाळणीवाला:
पद्धत सुंदर आहे, पण पात्याच्या ग्राइंडरच्या दळणावर ती चालवली तर त्यातून काहीही उमगणार नाही. पाच वेळा ओतण्याने धूळ पाच वेळा ढवळली जाईल आणि कागद तुंबेल. सध्या ब्लूम आणि त्यानंतर दोन हप्ते, एवढेच ठेवावे. पाककृती बदलत राहणे हा शिकण्याला लागलेला मोठा शाप आहे. रोज नवी कृती करणाऱ्याला कोणत्या बदलाने काय झाले हे सांगताच येत नाही.

सायंतारा:
हे पटले. आधी दळण, मग कासुया.

मृद्गंध:
कागदाविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून लिहिते. पेपर ड्रिपरमध्ये बसवून आधी गरम पाण्याने धुवावा, त्यामुळे कागदाची चव जाते, तो भिंतीला चिकटून बसतो आणि ड्रिपरही तापतो. खालच्या भांड्यात जमलेले ते पाणी टाकून द्यायला मात्र विसरू नये. आणि आरोग्याच्या दृष्टीने पाहायचे तर कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल आणि काहवेओल ही रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवणारी संयुगे कागदात बरीचशी अडकतात. न गाळता केलेल्या कॉफीत ती उतरतात.

आळशीकासव:
ही माहिती आमच्या घरी कळली तर माझा चमचा जप्त होईल.

निळीशाई:
सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे प्रमाण, पाणी आणि तापमान तेच ठेवले आणि फक्त दळण्याची रीत बदलली: थांबून थांबून दळले, चाळले, आणि चाळल्यावर १५ ग्रॅम मोजले. ब्लूमनंतर दोनच हप्त्यांत पाणी ओतले आणि शेवटी ड्रिपर फिरवला. आता निथळायला रोज तीन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, थर सपाट दिसतो आणि गिळल्यावरचा तो कोरडा कडवटपणा जवळजवळ नाहीसा झाला आहे. मात्र कॉफी पातळ वाटते आणि आंबटपणाची थोडी छटा उरली आहे. आता कॉफी वाढवून १६ ग्रॅम करू का?

रसायनी:
करू नका. तीव्रता आणि अर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमचा प्रश्न नेमका त्यांच्या मधोमध उभा आहे. हिशेब करून पाहा. कॉफी स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणजे २४० ग्रॅम ओतल्यावर तुमच्या कपात सुमारे २१० ग्रॅम येतात. १५ ग्रॅमपैकी १८ टक्के अर्क उतरला तर तो २.७ ग्रॅम होतो, आणि कपाची तीव्रता १.३ टक्क्यांच्या जवळ जाते. ती पातळ लागण्याचे काही कारण नाही. तुमची पातळ लागते आणि आंबटही लागते, याचा अर्थ अर्क १८ टक्क्यांपर्यंत पोहोचतच नाही. १६ ग्रॅम घेतल्याने कप दाट होईल, पण तो आंबटपणाही तितकाच दाट होईल. धूळ निघून गेल्याने उरलेल्या पुडीची सरासरी जाडी वाढली आहे, तेव्हा आता थोडे अधिक बारीक दळावे. जाड मिठाहून बारीक आणि नेहमीच्या मिठाहून किंचित जाड, इथून सुरुवात करावी.

गाळणीवाला:
आणि आता ‘आंबट तर बारीक’ हा नियम तुम्हाला लागू पडतो, कारण दळण बरेच एकसारखे झाले आहे.

चिकित्सक:
चव घेताना एक पथ्य पाळावे. कप अगदी गरम असताना निर्णय देऊ नये. पाच-सात मिनिटांनी तो कोमट झाल्यावर आम्लता आणि गोडवा दोन्ही उघडे पडतात. अर्धवट उतरलेली कॉफी निवल्यावर अधिक आंबट आणि खारट लागते, तर नीट उतरलेली निवल्यावर गोड होत जाते. बदल कोणत्या दिशेला करायचा, ते या दुसऱ्या घोटावर ठरवावे.

निळीशाई:
बारीक दळून पाहिले. निवल्यावर खरोखर गोड लागली. पण पात्याच्या ग्राइंडरवर ‘थोडे बारीक’ हे रोज वेगळेच येते, आणि चाळण्यात बरीच कॉफी बाजूला पडते. म्हणजे माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्राइंडर हेच ना?

चिकित्सक:
होय. हाताने फिरवायचा, दातेरी चकत्यांचा ग्राइंडर घ्यावा. त्यात दोन चकत्यांमधल्या अंतरातून कण गेल्याशिवाय सुटत नाही, म्हणून जाडी ठरवता येते आणि कालची जाडी आज पुन्हा मिळते. घेताना तीन गोष्टी पाहाव्यात: चकत्या पोलादी असाव्यात, दांडा दोन्ही टोकांना आधारलेला असावा म्हणजे फिरवताना डुगडुगत नाही, आणि जाडी बदलण्याच्या खाचा जवळजवळ असाव्यात. विजेवर चालणाऱ्या स्वस्त यंत्रापेक्षा त्याच खर्चातला हाताचा ग्राइंडर बहुधा सरस निघतो, कारण पैसा मोटारीऐवजी चकत्यांवर खर्च झालेला असतो.

मृद्गंध:
दळण्यापूर्वी बियांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून हलवावे. स्थिर विद्युतभार कमी होतो आणि पूड भांड्याच्या भिंतींना चिकटत नाही.

पाणकळा:
बाजूला काढलेली धूळ फेकू नये. ती थंड पाण्यात रात्रभर भिजवून कागदातून गाळली की बरी कॉफी होते. कडवटपणा थंड पाण्यात पुष्कळ कमी उतरतो.

आळशीकासव:
अखेर माझ्या योग्यतेची कृती सापडली. रात्री भिजवायचे, सकाळी गाळायचे, मनगट नाही, तापमान नाही. प्रमाण किती घ्यावे? चमच्यात सांगितले तर उपकार होतील.

पाणकळा:
चमच्यात सांगणार नाही, कारण हलकी भाजलेली कॉफी घट्ट असते आणि काळपट भाजलेली फुगलेली, त्यामुळे एकाच चमच्यात दोन्हींचे वजन वेगळे भरते. एक भाग कॉफीला दहा भाग पाणी घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. वजनकाटा निळीशाई यांच्याकडून मागून आणावा.